अर्धापूरची घंटी

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी लातूरमध्ये, शिकवणी वर्गांच्या गल्लीतल्या एका गेमिंग पार्लरमध्ये, बस चालवण्याची स्पर्धा झाली. बस संगणकाच्या पडद्यावर होती. स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं होतं, पेडल फरशीवर होते, गिअरचा दांडा डाव्या हाताला होता. स्पर्धकांमध्ये एक निवृत्त बस ड्रायव्हर होते आणि ते शेवटचे आले. त्यांची गाडी फलाटावरून हललीच नाही, असं काही प्रेक्षक अजून सांगतात. ते खरं नाही. गाडी हलली, उशिरा हलली.

या ड्रायव्हरचं नाव मारोतराव कदम. मूळ गाव हदगावजवळचं, घर नांदेडला. मी नांदेडच्या एका दैनिकात बातमीदार आहे आणि त्यांच्या शेजारी राहतो. पुढचा मजकूर त्यातून आलेला आहे. ज्या गोष्टी मी पाहिल्या नाहीत, त्या कुणी सांगितल्या ते लिहिलं आहे.

मारोतरावांनी जवळजवळ सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीवर केली, आणि त्यातली बरीच हदगाव–लातूर या एकाच मार्गावर. हदगाव, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, आणि परत. या रस्त्यावरचं कुठलं कुत्रं अंगावर येतं आणि कुठलं नुसतं भुंकतं, हे त्यांना माहीत असल्याचा त्यांचा दावा आहे. शरीर आडवं, आवाज डिझेलचा. दिशा सांगताना ते उजवं-डावं म्हणत नाहीत, 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड' म्हणतात. लग्नात जेवायला बसले तरी वाढप्याला सांगतात, "भात क्लीनर साइडनं येऊ द्या."

त्यांची एक सवय आधीच सांगून ठेवायला हवी. कुठल्याही गाडीत बसण्याआधी ते तिला एक फेरी मारतात आणि प्रत्येक टायरला लाथ घालतात. गाडी कुणाची हे पाहत नाहीत. आमच्या गल्लीत नवरदेवाची सजवलेली कार आली होती, तेव्हा वरमाईच्या देखत त्यांनी तिच्या चारही टायरांना लाथा घातल्या आणि जाहीर केलं, "मागच्यात हवा कमी हाय. नवरी बसल्यावर दबंल."

निवृत्तीआधीच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. स्टिअरिंगवरून काढून त्यांना डेपोच्या फाटकावर बसवलं. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तोवर नोकरी संपली होती. यात त्यांचं एक राहून गेलं. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला गाडीला झेंडूचे हार घालतात, बायको-लेकरं पुढच्या सीटवर बसतात, वाटेत ओळखीचे लोक नारळ फोडतात. मारोतरावांनी दुसऱ्यांच्या अशा कितीतरी फेऱ्यांचे पेढे खाल्ले होते. त्यांची स्वतःची झाली नाही. हे ते कधी बोलत नसत. त्यांच्या पत्नी गयाकाकू बोलत.

"फाटकावर बसून रिटायर झालं माणूस," त्या म्हणायच्या. "फाटकाला कुणी हार घालतं व्हय?"

निवृत्तीनंतर मारोतरावांनी घरच्यांना चालवायला घेतलं. मुलगी सविता ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. तिच्या स्कुटीच्या मागे बसून ते सूचना द्यायचे: "दाब. सोड. दाब म्हणलं ना." एकदा आयटीआयच्या चौकात तिने स्कुटी थांबवली, खाली उतरली आणि म्हणाली, "आबा, आता तुम्ही पायी या." त्याच आठवड्यात तिने एका विद्यार्थ्याने विकायला काढलेलं खेळाचं स्टिअरिंग घरी आणलं.

पहिला दिवस वाईट गेला. लाल गाडीचं स्टिअरिंग परातीएवढं असतं आणि वळणावर ते दोन्ही हातांनी गरागरा फिरवावं लागतं. मारोतरावांनी या छोट्या चाकालाही तसंच फिरवलं. बस रस्ता सोडून एका दुकानात शिरली. पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे सरकत गेले आणि त्यांच्यामागे खुर्चीवरून मारोतरावही सरकत गेले. गयाकाकूंनी पेडलच्या पुढे पाटा आणून टेकवला. त्या दिवसापासून चटणी मिक्सरमध्ये होते.

दुसरी अडचण खेळाची होती. तो परदेशी रस्त्यांचा होता. तिथे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवत होते, मारोतराव आपल्या सवयीने डाव्या बाजूने चालले. समोरून येणारी प्रत्येक गाडी येऊन धडकली.

"सविता," त्यांनी ओरडून सांगितलं, "इथं सगळेच राँग साइडनं येऊन राहिलेत. एकालाबी लायसन न्हाई."

सविताने मग हौशी पोरांनी तयार केलेला आपल्याकडच्या रस्त्यांचा नकाशा शोधून घातला. त्यात लाल बस होती, खड्डे होते, रस्त्यात बसलेली गाय होती. मारोतरावांनी गाय पाहिली आणि ते खुर्चीत ताठ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून खाकी शर्ट काढला. खुर्चीच्या पायांखाली विटा आल्या, कारण ड्रायव्हरने रस्त्याकडे वरून पाहायचं असतं. पडद्यावर लिंबू-मिरची लटकली. समोरून लाल गाडी आली की ते हात वर करून सलाम करत. पडद्यावरचा ड्रायव्हर उलटून हात करत नसे. "नवीन भरती हाय," ते म्हणत. "माजलेत."

तंबाखूचा प्रसंग गयाकाकूंकडून कळला आणि मारोतरावांनी तो नाकारलेला नाही. लोहा ओलांडल्यावर लागतो तसा एक मोकळा रस्ता लागला, गाडी चौथ्या गिअरमध्ये गेली, मारोतराव रंगात आले, ड्रायव्हर साइडला झुकले आणि खिडकीतून थुंकले. खिडकी नव्हती. तिथे गयाकाकूंचा गव्हाचा कणगा होता. दुसऱ्या दिवशी त्या जागी बादली आली आणि बादलीवर सविताने कागद चिकटवला: खिडकी.

दसऱ्याला स्टिअरिंगची पूजा झाली. हळद-कुंकू, नारळ, झेंडू. झेंडूच्या पाकळ्या क्लचखाली गेल्या आणि पुढचे काही दिवस गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालली. "वर्कशॉपला लावा," असं मारोतरावांनी मुलीला लेखी कळवलं.

या सगळ्यावर मात करता आली. एका गोष्टीवर करता येईना. गाडी सुटेना.

लाल गाडी ड्रायव्हरच्या मनाने सुटत नाही. वाहक, म्हणजे कंडक्टर, ज्याला ड्रायव्हर 'मास्तर' म्हणतात, तो छताला बांधलेली दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते. एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. मारोतरावांचा पाय दोन घंट्यांशिवाय क्लचवरून उठत नव्हता. खेळातले प्रवासी चढून बसायचे, दार बंद व्हायचं, पडद्यावर 'चला' अशी खूण लुकलुकायची. मारोतराव समोर बघत बसलेले.

"आबा, निघा की!" सविता म्हणायची.

"डबल बेल न्हाई झाली."

"हा खेळ हाय, आबा."

"मग खेळात माणसं पडत न्हाईत व्हय दारातून?"

गयाकाकूंनी देवघरातली घंटी द्यायला नकार दिला. शेजारच्यांनी पाळी लावून स्टीलचा पेला आणि चमचा वाजवला, मीही वाजवला. मारोतरावांना एकाचाही हात पसंत पडला नाही. माझ्याबद्दल ते म्हणाले, "तुम्ही घंटी वाजवता का बातमी देता? लांबण लावून राहिले."

"मास्तरांना बोलवा मग," गयाकाकू आतून म्हणाल्या.

मारोतराव उठले आणि टायर बघायला बाहेर गेले. सविताची स्कुटी दुकानावर गेलेली होती. त्यांनी माझ्या मोटारसायकलला लाथ घातली.

मास्तर म्हणजे सोनकांबळे मास्तर. हदगाव–लातूर गाडीवर दोघांची जोडी वर्षानुवर्षं होती. मास्तर लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे. उंच, सडपातळ, शर्टाची इस्त्री लातूरपर्यंत न मोडणारे. कमी बोलत. त्यांना एकच नाद होता, केळी. अर्धापूरचा थांबा आला की ते उतरत आणि केळी निवडत. आख्खी फणी उचलत नसत; एकेक केळं वळवून बघत, वास घेत, ठेवून देत. तोवर गाडीतली लेकरं रडायला लागत आणि मारोतराव हॉर्न वाजवत. मारोतराव त्यांना रोज एकच धमकी देत: "मास्तर, एक दिवस सोडून जाईन."

एक दिवस ते सोडून गेले.

आसना नदीच्या पुलाशी एका बाईने विचारलं, "मास्तर कुठायत? माझं तिकीट ऱ्हायलं." मारोतराव म्हणाले, "मागं असतील." ते खरंच मागे होते. नांदेडच्या स्टँडवर गाडी लागली, तिच्या मागोमाग केळीचा टेम्पो आत आला, आणि टेम्पोत घडांच्या मधोमध, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून, मास्तर उभे होते. हमालांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मास्तर उतरले, शर्ट नीट केला, गाडीत चढले आणि दोन घंट्या दिल्या.

इथे दोन बाजू आहेत. मारोतरावांचं म्हणणं, अर्धापूरला घंटी वाजली होती. एखाद्या प्रवाशाने दोरी ओढली असेल. मास्तरांचं म्हणणं, त्या दिवशी दोरी तुटलेली होती आणि सकाळपासून ते स्वतः दांडीवर नाणं आपटून घंटी देत होते. ते नाणं अर्धापूरला त्यांच्या खिशात होतं. या मुद्द्यावर मारोतरावांना विचारलं की ते डिझेलच्या भेसळीबद्दल बोलू लागत.

त्यानंतर दोघांची ड्युटी एकत्रच राहिली. बोलणं बंद झालं. मास्तरांनी एक घंटी द्यावी, मारोतरावांनी थांबावं. मास्तरांनी दोन द्याव्या, मारोतरावांनी निघावं. अहमदपूरला चहाला बसत ते दोन वेगळ्या टेबलांवर. काही वर्षं हे असं चाललं आणि जुने प्रवासी सांगतात की गाडी इतकी वेळेवर आधी कधी नव्हती. पुढे मारोतराव फाटकावर बसले, दोघंही निवृत्त झाले, आणि घंटीही उरली नाही.

लातूरच्या स्पर्धेची जाहिरात सविताने मोबाइलवर पाहिली. बस फलाटावरून काढायची, तीन थांबे घ्यायचे, ठरलेल्या वेळात परत येऊन रिव्हर्समध्ये फलाटाला लावायची. तिने बापाचं नाव देऊन टाकलं. मारोतरावांनी दोन दिवस तोंड फिरवलं. मग एका सकाळी माझ्याकडे आले. मी बातमीच्या कामासाठी लातूरला निघालो होतो.

"मुरुड काही लांब न्हाई तिथून," ते म्हणाले.

"नाही."

"मास्तर भेटले तर म्हणावं, गाडी लातूरला लागली हाय. शेवटची फेरी हाय." दारातून वळून म्हणाले, "मी सांगितलं असं म्हणू नका."

मास्तर मुरुडला घराच्या ओट्यावर बसले होते. मी निरोप दिला. कुणी सांगितला ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना सगळं समजायला स्टिअरिंग, पडदा, विटा आणि पेला-चमचा एवढं सांगावं लागलं. गव्हाच्या कणग्याचा प्रसंग सांगितला, तेव्हा ते एकदाच हसले.

"घंटीशिवाय पाय उठत न्हाई म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." ते उठून आत गेले आणि आतूनच म्हणाले, "कितव्या फलाटाला लागली हाय, इचारून सांगा."

रविवारी पार्लरमध्ये शिकवणीची पोरं-पोरी दाटीने उभी होती. आधीच्या स्पर्धकांनी बस सुसाट नेली होती. एकाने गाय उडवली होती आणि तरी त्याला वरचा नंबर होता. मारोतरावांनी आयोजकाला याचा जाब विचारला. आयोजक इम्रान नावाचा तरुण होता, तो "काका, नियमात गाय नाही" एवढंच म्हणाला.

मारोतरावांची पाळी आली. सविताने पिशवीतून झेंडूचा हार काढून पडद्याला घातला. गयाकाकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्या खुर्चीच्या मागे डाव्या बाजूला बसल्या. मारोतरावांनी टेबलाला फेरी मारली, लाथ घालण्यासारखं काही सापडलं नाही, तेव्हा टेबलाच्या पायाला घातली. मग बसले. दारातून सोनकांबळे मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात केळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मुरुडच्या बाजारातून आणलेली बैलाच्या गळ्यातली घंटी. कुणाशी न बोलता ते मारोतरावांच्या मागे जाऊन उभे राहिले.

मारोतरावांनी आरशात बघावं तसं पडद्याच्या कडेला बघितलं. आरसा नव्हता.

इम्रानने वेळ सुरू केली. प्रवासी चढले, दार लागलं, खूण लुकलुकली.

घंटी वाजली नाही.

"काका, टायमर चालू झाला," इम्रान म्हणाला.

"डबल बेल न्हाई झाली," मारोतराव म्हणाले.

मास्तरांनी पिशवीत हात घातला. एक केळं काढलं, वळवून बघितलं, वास घेतला, परत ठेवलं. दुसरं काढलं.

"मास्तर," मारोतराव समोर बघत म्हणाले, "टाइम झाला." अर्धापूरनंतर ते मास्तरांशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, असं गयाकाकूंनी नंतर सांगितलं.

मास्तर केळं सोलू लागले. "इचारायचं होतं एक," ते म्हणाले. "अर्धापूरला घंटी वाजली होती का?"

"आता हे कामून काढून राहिले?"

"वाजली होती का?"

पोरं हसू लागली. कुणीतरी मागून "हॉर्न मारा काका" म्हणालं. पडद्यावर वेळ कमी होत होती.

"आबा, निघा ना तसंच!" सविता म्हणाली.

मारोतरावांचा पाय क्लचवर होता. ते निघाले नाहीत.

"कुणीतरी प्रवाशानं..." ते म्हणाले.

मास्तरांनी केळ्याचा घास घेतला.

"दोरी तुटली होती, मारोतराव."

"हाव, तुटली होती."

"मग?"

"न्हाई वाजली."

"मागच्या सीटला ऐकू न्हाई गेलं."

"न्हाई वाजली घंटी!" मारोतराव ओरडले. "मुद्दाम सोडून गेलतो! तुमचं ते केळ्याचं वास घेणं बघून डोकं फिरलं होतं माझं! आता मारता का घंटी, का उतरू खाली?"

मास्तरांनी केळं संपवलं, साल नीट घडी करून पिशवीत टाकलं, रुमालाने हात पुसला आणि घंटी दोनदा वाजवली.

गाडी सुटली.

मारोतरावांनी ती गाडी कुठेही घासली नाही. गायीसाठी थांबले. समोरच्या लाल गाडीला सलाम केला. तिन्ही थांब्यांवर मास्तरांनी एक घंटी दिली, मग दोन दिल्या. ठरलेली वेळ मध्येच संपली. इम्रानने स्क्रीन बंद करायला हात पुढे केला, तेव्हा पोरांनीच त्याला अडवलं. रिव्हर्सला मास्तर खुर्चीच्या पाठीवर थापा देत होते: "येऊ द्या, येऊ द्या, क्लीनर साइडला दाबून, येऊ द्या, बस." गाडी फलाटाला लागली. गयाकाकूंनी नारळ आणला होता, तो इम्रानने फरशीवर फोडू दिला नाही. निकालाच्या फळ्यावर मारोतरावांच्या नावापुढे 'वेळ संपली' असं लिहिलं गेलं.

"जेवायला घरी चला," मास्तर म्हणाले. "सकाळीच येसराची आमटी टाकायला सांगितली हाय."

सगळे लातूरच्या स्टँडवर आले. मी पोचवायला गेलो होतो. मुरुडची गाडी लागलेली होती. गयाकाकू, सविता आणि मास्तर आत चढले. मास्तरांनी घंटीच्या दोरीखालची सीट घेतली. मारोतरावांनी गाडीला फेरी मारून सगळ्या टायरांना लाथा घातल्या. मग शेजारच्या फलाटावर उदगीरची गाडी उभी होती, तिच्या मागच्या टायरात त्यांना काहीतरी खटकलं. ते तिकडे गेले आणि वाकून बघू लागले.

मुरुडच्या गाडीत दोन घंट्या वाजल्या आणि ती निघाली.

गाडीचा वाहक तेव्हा पुढच्या सीटला तिकीट देत होता आणि घंटी आपण दिली नाही, असं त्याने सविताला सांगितलं. कुणी दिली, हे मास्तरांना माहीत नाही. गयाकाकूंना फोनवर विचारलं, तर त्यांना बराच वेळ हसूच आवरेना.

मारोतराव दुपारी मुरुडला पोचले. सोयाबीनच्या टेम्पोतून, उभ्याने.